हिरडीतले रक्त ब्रशमुळे येत नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकाची आरोग्य पुरवणी मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. दातांवरचे लेख तीत नियमाने येतात, पण ते बहुतेक किडीवर, नाहीतर दात पांढरे करण्यावर असतात. हिरड्यांच्या वाट्याला शेवटचे एखादे वाक्य येते: हिरड्यांचीही काळजी घ्यावी. ती काळजी म्हणजे काय, हे कुणी वेळेवर सांगितले नाही आणि माझ्या तीन दाढा गेल्या. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. जागेअभावी काही कापावे लागले तर कापावे, पण मोजमापाचा भाग कृपया ठेवावा.

मी ३१ वर्षे यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. व्हर्निअर, मायक्रोमीटर, खोली मोजणारे डेप्थ गेज रोज हातात. एखादा शाफ्ट दोन शतांश मिलिमीटरने जाड निघाला तरी मी तो बाजूला काढायचो, कारण तेवढ्या फरकाने पुढे बेअरिंग तापते हे मला माहीत होते. माझ्या स्वतःच्या दातांभोवती सहा-सात मिलिमीटर खोल खड्डे पडत आहेत, हे मात्र ५१ वे वर्ष उजाडेपर्यंत कळले नाही. ते मोजता येतात हेही माहीत नव्हते.

सुरुवात अडतिसाव्या वर्षी झाली. सकाळी चूळ टाकली की बेसिनमध्ये गुलाबी रेघ उतरायची. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने, जिभेकडून, रक्त यायचे. दुखत काहीच नव्हते. मी जे केले ते बहुतेक सगळे करतात. ब्रश कडक असेल म्हणून बदलला. पेस्ट बदलली. आणि जिथून रक्त येते ती जागा सोडून बाकीचे दात घासू लागलो. यातल्या तिसऱ्या गोष्टीने माझे सगळ्यात जास्त नुकसान केले.

ते कसे, हे नीट सांगतो. दात घासून झाल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा एक चिकट, पातळ थर पुन्हा बसू लागतो. जिभेने दात चाचपले की जो बुळबुळीतपणा लागतो, तो हा थर. तो हिरडीच्या कडेला साचून राहिला की शरीर त्याच्याशी लढायला तिथे रक्त पाठवते. हिरडी फुगते, नाजूक होते, आणि ब्रशचा केस लागताच रक्त येते. ब्रश फक्त दाखवून देतो की इथे दाह आहे. आपण ती जागा टाळली की थर वाढतो, दाह वाढतो, रक्त वाढते, आणि आपण ती जागा आणखी टाळतो. थर तसाच राहिला की लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून काही दिवसांत त्याचे कीटण होते. मग ते ब्रशने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ते लवकर धरते, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. माझी गुलाबी रेघ तिथून का येत होती, हे मला तेरा वर्षांनी समजले.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हिरड्यांच्या रोगाचे संशोधक हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांनी दात साफ करणे पूर्ण बंद केले. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्यांना दाह झाला. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. अडतिसाव्या वर्षी, ती रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा, कदाचित एक चांगली सफाई आणि रोजची नीट घासणी एवढ्यावर भागले असते.

पुढची पायरी तशी नाही. दाह हिरडीपुरता असतो तोवर परतता येते. तो खाली उतरला की हिरडी दातापासून सुटते, मध्ये फट पडते, फटीत जंतू आणि कीटण भरते, आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. यालाच आपण पायोरिया म्हणतो. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. आणि हे सगळे होताना दुखत नाही. किडलेला दात रात्रभर झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळी दवाखान्याच्या दारात उभा असतो. हिरडीचा रोग वर्षानुवर्षे गप्प बसून काम करतो. आपण दुखणे म्हणजेच आजार असे धरून चालतो, तिथेच फसतो.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. चाळिशीनंतर रात्रपाळ्या वाढल्या, सिगारेट दिवसाला दहा-बारावर गेली, आणि रक्त येणे जवळजवळ थांबले. मला वाटले, बरे झाले. घरीही तसे सांगितले. प्रत्यक्षात तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा दबतो आणि दाह असूनही रक्त कमी दिसते. म्हणजे धोक्याची जी एकच खूण मला दिसत होती, तीही सिगारेटने पुसून टाकली. आत हाड झिजतच होते, उलट जास्त वेगाने. धूम्रपान करणाऱ्या वाचकांनो, तुमच्या हिरड्यांतून रक्त येत नाही याचा अर्थ त्या ठणठणीत आहेत असा कृपया धरू नका. ५२ व्या वर्षी मी सिगारेट सोडली तेव्हा काही आठवड्यांनी रक्त परत आले. मी घाबरलो. माझ्या हिरड्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, "काका, हे चांगलं लक्षण आहे. हिरडी आता खरं बोलायला लागली."

खुणा तशा इतरही होत्या, पण त्या एकमेकींना जोडायच्या असतात हे कळायला हवे होते. सकाळी तोंडाला लोखंडासारखी चव असायची. तोंडाला वास येत होता. तो मला स्वतःला येत नव्हता. माझ्याशी बोलताना बायको मान थोडी वळवायची, आणि तिने ते बोलून दाखवायला दोन वर्षे घेतली. थंड पाणी लागले की वरच्या दोन दाढांत कळ जायची, कारण हिरडी वर सरकून मुळे उघडी पडली होती. पण सगळ्यात स्पष्ट पुरावा माझ्या खिशात होता. कारखान्याचे ओळखपत्र दर पाच वर्षांनी नवे होते. ४० व्या आणि ५० व्या वर्षीची दोन ओळखपत्रे एके दिवशी शेजारी ठेवली. पहिल्या फोटोत समोरचे दोन दात एकमेकांना टेकलेले, दुसऱ्यात त्यांच्यामध्ये फट. आणि दात लांब दिसत होते. दात वाढत नसतात, हिरडी उतरते म्हणून ते लांब दिसतात. पटाशीचे दात पंख्यासारखे पुढे पसरणे ही आतले हाड कमी झाल्याची खूण आहे. ज्यांच्या घरात जुने फोटो आहेत त्यांनी ते काढून आरशासमोर एकदा उभे राहावे.

रंगाबद्दलही एक सांगायला हवे. 'निरोगी हिरडी गुलाबी असते' असे सर्रास छापले जाते. पुष्कळ लोकांच्या हिरड्या जन्मापासून तपकिरी किंवा काळपट असतात आणि त्या पूर्ण निरोगी असतात. अशा हिरडीत लाली चटकन दिसत नाही. त्यामुळे रंगापेक्षा आकार पाहावा. दोन दातांमधले हिरडीचे टोक टोकदार आणि घट्ट आहे, की फुगून गोल, चकचकीत झाले आहे, ते बघावे.

५१ व्या वर्षी खालची उजवी दाढ हलू लागली. एका दवाखान्यात गेलो. त्यांनी पाहिले आणि पाच मिनिटांत दाढ काढली. मी ती मागून घेतली. घरी येऊन खिडकीपाशी उजेडात धरली. वरचा भाग धडधाकट, किडीचा एक ठिपका नाही. पण मुळांवर जवळजवळ टोकापर्यंत काळपट-हिरवा, खरखरीत थर होता. नखाने खरवडला तर निघेना. अख्खी दाढ टोकाजवळच्या दीड-दोन मिलिमीटरांवर उभी होती. तपासणीतला माणूस म्हणून मला लगेच कळले की हे एका महिन्यातले काम नाही, एका वर्षातलेही नाही. मी परत जाऊन विचारले, चांगला दात असा का पडला? उत्तर मिळाले, वयामुळे. बाकीचे २८ दात कुणी पाहिले नाहीत. त्या दवाखान्याचे नाव मला घ्यायचे नाही. पण तेव्हा जे मोजले गेले नाही, त्यामुळे आणखी दोन दाढा मी पुढच्या वर्षभरात गमावल्या.

दुसरी दाढ हलू लागली तेव्हा ओळखीच्या एकाने हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवले. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी एक बारीक सळई काढली. टोक बोथट, वर मिलिमीटरच्या खुणा. मी म्हणालो, "हे तर डेप्थ गेज आहे." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तेच. आता तुमचा जॉब तपासू." (तपासायला आलेल्या भागाला कारखान्यात जॉब म्हणतात.) ती सळई दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत अलगद उतरवायची आणि कितीवर थांबते ते वाचायचे. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी, तीन बाहेरून, तीन आतून. त्या आकडे म्हणत होत्या आणि मदतनीस लिहीत होती: तीन, दोन, तीन, चार, तीन, पाच, सहा, पाच, सहा. २८ दातांची १६८ मापे. एक ते तीन मिलिमीटर ठीक. चार किंवा त्याहून जास्त, आणि सळई लावल्यावर रक्त, म्हणजे रोग तिथे अजून चालू आहे. माझ्या तक्त्यात ४१ ठिकाणी पाच किंवा जास्त होते, एके ठिकाणी सात. मग एक्स-रे. मागच्या दाढांभोवतीचे हाड निम्म्यावर आलेले.

एवढे आयुष्य मी मोजण्यात घालवले, पण कुठल्याही तक्त्यासमोर असा गप्प झालो नव्हतो.

मोजून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मधुमेह आहे का? मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, तपासून या. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी केली, आकडा आला ८.९ टक्के. माझा मधुमेह असा सापडला. या दोन आजारांचे नाते दोन्ही बाजूंनी चालते. साखर चढी असली की शरीराची जंतूंशी लढण्याची आणि जखम भरण्याची ताकद घटते, हिरड्यांचा रोग वाढतो. आणि हिरड्यांतला सततचा दाह साखर आवरणे अवघड करतो. लोए यांनीच १९९३ मध्ये हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले होते. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे. माझी साखर आज ६.८ आहे. त्यात गोळ्यांचा आणि चालण्याचा मोठा वाटा आहे, पण हिरड्यांचाही आहे असे माझे डॉक्टर सांगतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रोज १० किंवा जास्त सिगारेटी, किंवा मधुमेहात ७ टक्के किंवा जास्त एचबीएवनसी, यांतले एक जरी असेल तरी रुग्ण वेगाने रोग वाढणाऱ्या गटात धरला जातो. माझ्यात दोन्ही होते.

तिसरी गोष्ट रक्तातून आलेली. माझ्या आईची कवळी मला माझ्या शाळकरी वयापासून आठवते. ती तेव्हा पंचेचाळिशीचीही नव्हती. 'आमच्या घरात दात लवकर पडतात' असे आम्ही केसांच्या रंगाबद्दल बोलावे तसे बोलायचो. आनुवंशिकता खरी आहे. १९७० पासून श्रीलंकेतल्या ४८० चहामळा कामगारांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. दात घासणे किंवा दंतोपचार त्यांच्यापर्यंत जवळजवळ पोचलेच नव्हते, सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीटण होते. तरी सुमारे ८ टक्के लोकांचे हाड झपाट्याने गेले, ८१ टक्क्यांचे मध्यम गतीने आणि ११ टक्क्यांचे हिरडीच्या दाहापलीकडे काही बिघडले नाही. म्हणजे शरीरे वेगवेगळी असतात. पण वारशाने येते ती प्रवृत्ती. आईवडिलांचे दात लवकर पडले असतील तर आपले तोंड लवकर आणि वारंवार मोजून घ्यावे, एवढाच अर्थ मी त्यातून काढतो. आम्ही मात्र त्यातून सुटका काढली होती: आता काय करणार, घराण्यातच आहे.

आणखीही कारणे असतात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात आणि रक्त येते. ते 'बाळ दातातले कॅल्शियम ओढते' म्हणून नव्हे. फिट्सवरचे फेनिटॉइन, रक्तदाबावरचे निफेडिपिन, अवयव बदलल्यावर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन यांनी हिरड्या वाढतात. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना तोंड दाखवायचे. तोंड कोरडे पाडणारी औषधे, दाटीवाटीचे दात, कडेला वर आलेली टोपी किंवा फिलिंग, इथे थर साचतो. आणि सगळ्या हिरड्यांतून एकाएकी रक्त येऊ लागले, सोबत ताप, अंगावर निळे डाग, थकवा असेल तर फक्त दातांच्या डॉक्टरांवर न थांबता लगेच रक्त तपासून घ्यावे, कारण तेव्हा मूळ रक्ताच्या आजारात असू शकते.

उपचारांची भीती लोकांच्या मनात फार आहे, तीही खोडतो. 'दात साफ करून घेतले की हलायला लागतात' हे मी स्वतः वीस वर्षे मानत होतो. सैल झालेला नट गंजाने जाम बसावा, तसा सैल दात कीटणाने धरलेला असतो. गंज काढला की नट सैल आहे हे कळते. सैल तो आधीच झालेला असतो. माझी खोल सफाई चार बैठकींत झाली, सुन्न करून, हिरडीखालच्या मुळांपर्यंत. थंडाने तीन-चार आठवडे कळा आल्या. सूज उतरली तशी हिरडी आक्रसली, दात आणखी लांब दिसू लागले, मध्ये फटी दिसू लागल्या. ते बघून वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण आठ आठवड्यांनी पुन्हा मोजले तेव्हा ४१ ठिकाणांपैकी ९ उरली होती. जिथे माप सात होते तिथे छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. दोन दाढा मात्र वाचल्या नाहीत. तोंड धुण्याच्या औषधांवर मी पूर्वी बराच विसंबलो होतो. पाच-सहा मिलिमीटर खोल फटीत ते पोचत नाही.

आता दोन वेळा मऊ ब्रशने, ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून, आणि रात्री दातांच्या मधून बारीक ब्रश फिरवतो. ज्या जागेतून रक्त येईल तिथे जास्त वेळ, हळू हाताने. दर तीन महिन्यांनी माप.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार हिरड्यांच्या तीव्र रोगाचे जगात १०० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. इतक्या लोकांच्या आजाराला पुरवणीत एक वाक्य पुरत नाही. माझी विनंती आहे की आपण हिरड्यांवर एक पूर्ण पान द्यावे, आणि त्यात सळईचे चित्र छापावे. वाचकांनी पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर एवढेच म्हणावे: माझ्या हिरड्या मोजा आणि आकडे मला सांगा. दात काढायला सांगितला तर विचारावे, बाकीच्यांची मापे काय आहेत? आणि मधुमेहावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही कळकळीची विनंती. पायाची बोटे तपासता, डोळे तपासायला पाठवता, तसेच रुग्णाला विचारा, घासताना रक्त येते का.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाला मी बरोबर नेले. तो २७ वर्षांचा आहे, दुखत काही नाही, म्हणून यायला तयार नव्हता. त्याला माझी पहिली दाढ दाखवली, ती मी अजून एका डबीत ठेवली आहे. त्याच्या तक्त्यात सगळीकडे दोन-तीन आहेत, मागच्या दोन दाढांपाशी चार, आणि तिथे सळई लावल्यावर रक्त आले. एक्स-रेमध्ये हाड जागेवर आहे. सफाई झाली आहे. पुढचे माप तीन महिन्यांनी आहे, आम्ही दोघांनी एकाच दिवशीची वेळ घेतली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त तपासनीस, वय ५८